पालापाचोळ्याची पुंजी

शेतात यंदा पीक कमी आलं तर शेतकऱ्याला ते वर्षाच्या आत कळतं. जंगल लावणाऱ्याला मात्र तेच कळायला तीस-चाळीस वर्षं जातात. दक्षिण ऑस्ट्रेलियात असंच घडलं.

माउंट गॅम्बियरच्या परिसरात रेताड जमिनीवर रेडिएटा पाइनची मोठी लागवड आहे. हे झाड मूळचं कॅलिफोर्नियाचं, आपल्या हिमालयातल्या चीडचं भाऊबंद. पहिली पिढी जोमानं वाढली. ती तोडून त्याच जागी दुसरी लावली. १९६६ साली कीव्हज या वनतज्ज्ञानं दोन्ही पिढ्यांची मोजमापं शेजारी ठेवली, तेव्हा बहुतेक ठिकाणी वाढ चांगलीच घटलेली दिसली. पाइननं जमीन कायमची नापीक केली, अशी शंका अनेकांना आली.

दोष झाडाचा नव्हता. तोडणीनंतर जमीन तयार करण्याची रीत चुकत होती. लाकूड नेल्यावर शेंडे, फांद्या, साल आणि सुयांसारखी पानं मागे उरत. लावणीला त्यांची अडचण होई, म्हणून सरळ काडी लावत. आपल्याकडे कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पण राबासाठी कवळ दुसरीकडून तोडून आणतात. इथे जमीन स्वतःचीच शिल्लक जाळत होती. झाडाच्या एकूण वजनात पानं आणि डहाळ्यांचा वाटा लहान असतो, पण अन्नद्रव्यं त्यांतच भरपूर असतात. त्यातला बराचसा नायट्रोजन धुरावाटे निघून जाई. राखेमुळे रोपं सुरुवातीला हिरवीगार दिसत, म्हणून फसगत व्हायची. शिवाय पाल्याचं पांघरूण गेल्यामुळे उघडी रेती कोरड्या उन्हाळ्यात तापे, आणि उरलंसुरलं पाणी तण पिऊन टाके.

मग शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात, तशाच रेताड जमिनीवर, पालापाचोळा न जाळता लागवड करून पाहिली. पाच वर्षांनी झाडं मोजली, तर दुसरी पिढी पहिलीच्या मागे नव्हती. पुढे रीतच बदलली. फांद्या जड रोलरनं चेपून तिथेच ठेवायच्या, पहिली एक-दोन वर्षं ओळींतलं तण काढायचं आणि गरजेप्रमाणे खत द्यायचं. गेलेली वाढ परत आली.

हा नियम सगळीकडे जसाच्या तसा लागू होत नाही. फिनलंड, स्वीडनसारख्या थंड आणि ओलसर प्रदेशांत माती उकरून उंचवटे केले, तर पाइनची रोपं लवकर मूळ धरतात. तिथे अडचण गारठ्याची आणि साचलेल्या पाण्याची असते; रेताड जमिनीत ती ओलाव्याची आणि अन्नाची असते. म्हणून आधी जमिनीची अडचण ओळखायची आणि मग हत्यार उचलायचं.

थंडी सरताना आपल्याही अंगणात पानं गोळा होतात आणि हात काडेपेटीकडे जातो. अशा वेळी ती पानं झाडाच्या आळ्यात पसरा. ज्याचं त्याला परत मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)