पुश द एन्व्हलप

‘पुश द एन्व्हलप’ हा इंग्रजीतला वाक्प्रचार.
अर्थ असा, की आजवरची मर्यादा आणखी पुढे नेणे.

यातला एन्व्हलप टपालाचा नव्हे.
तो विमानशास्त्रातला आहे.

विमानाचा वेग, उंची आणि त्यावर येणारा भार,
यांच्या सुरक्षित मर्यादा आलेखावर आखतात.
त्या रेषांच्या आतला भाग म्हणजे एन्व्हलप.

चाचणी वैमानिक नवे विमान एकदम त्या रेषेवर नेत नाहीत.
वेग थोडाच वाढवतात.
नोंदी तपासतात.
मगच पुढची पायरी.

टॉम वुल्फ यांच्या १९७९च्या ‘द राइट स्टफ’ पुस्तकामुळे हा वाक्प्रचार सर्वदूर पोहोचला.
आता तो संशोधक, कलावंत, खेळाडूंबद्दलही वापरतात.

निव्वळ बेफिकिरीला मात्र तो शोभत नाही.
मर्यादा नीट ओळखून ती पुढे नेणे,
हाच त्याचा खरा अर्थ.