वेळेवर आठवलेले वचन



मोहाचा प्रतिकार कसा करावा, या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती परंपरेत बहुधा एका प्रसंगापासून सुरू होतो. बाप्तिस्मा घेतल्यानंतर येशू अरण्यात जातो, चाळीस दिवस उपवास करतो, आणि तो भुकेने व्याकूळ झालेला असताना सैतान त्याच्यापाशी येतो. धोंड्यांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून खाली उडी टाक. मला नमन कर म्हणजे जगातील सारी राज्ये तुझी. असे हे तीन मोह. मत्तय आणि लूक या दोघांनीही ते सविस्तर सांगितले आहेत. शेवटच्या दोहोंचा क्रम मात्र लूकने बदलला आहे. मराठी बायबलात या ठिकाणी ‘परीक्षा’ हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्दात मोह आणि कसोटी हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मराठीत त्यांतील एकाचीच निवड करावी लागते, आणि दुसरा हातून निसटतो.

येशू सैतानाशी वाद घालीत नाही. तिन्ही वेळा तो शास्त्रातील एकेक वाक्य तेवढे उच्चारतो, आणि तिन्ही वाक्ये जुन्या करारातील एकाच ग्रंथातली आहेत. त्या ग्रंथाचे मराठी बायबलातील नाव ‘अनुवाद’ असे आहे. मोशेने आपल्या मृत्यूपूर्वी लोकांना नियमशास्त्र पुन्हा सांगितले, म्हणून हे नाव. आधी सांगितलेले पुन्हा सांगणे हाच त्या शब्दाचा जुना अर्थ होय. भाषांतरावर उपजीविका करणाऱ्या माझ्यासारख्याला या योगायोगाचे कौतुक वाटावे, हे आपण समजून घ्याल. तथापि महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ती वाक्ये मुळात चाळीस वर्षे अरण्यात भटकलेल्या, भुकेला कंटाळून कुरकुर करणाऱ्या लोकांना उद्देशून होती. येशू नुसते वाक्य उचलीत नाही. त्या वाक्यामागची भूकही त्याला ठाऊक आहे.

हे लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण याच प्रसंगात सैतानही शास्त्रवचन म्हणून दाखवितो. मंदिराच्या शिखरावर तो स्तोत्रसंहितेतील एक्याण्णवाव्या स्तोत्राचा आधार देतो: देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला ठेचसुद्धा लागणार नाही. वचन खरे आहे. परंतु मूळ स्तोत्रात हे रक्षण माणसाच्या सर्व मार्गांवर होईल असे म्हटले आहे, आणि नेमका तो मार्गांचा उल्लेख सैतानाच्या तोंडी येत नाही. वाटेने चालणाऱ्याला दिलेले अभयवचन तो उडी टाकणाऱ्याला देऊ करतो. धर्मग्रंथाचा आधार घेऊन माणसे आपल्याला हवे तेच कसे सिद्ध करतात, याचे याहून नेमके चित्र मला तरी अन्यत्र आढळलेले नाही.

मग सैतानालाही वचने मुखोद्गत असतील, तर आपल्या पाठांतराचा उपयोग काय? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस नावाच्या संन्याशाने या प्रश्नाचा अत्यंत व्यावहारिक विचार केला. हा गृहस्थ कॉन्स्टँटिनोपलमध्ये उपयाजक होता, बुद्धिमान होता, नावाजलेला होता. तेथे एका प्रतिष्ठित विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतल्यामुळे त्याने ते शहर सोडले. पुढे जेरुसलेममार्गे तो इजिप्तला आला आणि केलिया येथील एकांतवासी साधूंमध्ये राहिला. हस्तलिखितांच्या नकला करून तो पोटापुरते मिळवी.

मोहाच्या क्षणी योग्य वचन चटकन आठवत नाही, कारण ती शास्त्रात सर्वत्र विखुरलेली आहेत, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने सुमारे पाचशे वचनांचा संग्रह केला. त्याचे भाग आठ: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, ‘अकेदिया’, लोकेषणा आणि गर्व. आपल्याला येथे षड्रिपूंची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु इव्हॅग्रियस यांना शत्रू न म्हणता ‘विचार’ म्हणतो, आणि त्याची रीत अशी की, प्रथम तो विचार मनात कोणत्या रूपाने येतो ते लिहावयाचे, आणि मग त्यासमोर वचन ठेवावयाचे. खरे कष्ट त्या पहिल्या अर्ध्या भागात आहेत. द्रव्यलोभ कधीही ‘संपत्ती साठव’ असे म्हणत येत नाही. त्याने दुसऱ्या एका ग्रंथात वर्णन केल्याप्रमाणे, तो म्हणतो: म्हातारपण लांबणार आहे, हात चालेनासे होतील, दुष्काळ पडेल, आजारपण येईल, दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज वाटेल. यात खोटे काय आहे? अशा भयाला लोभाच्या निंदेचे वचन ऐकवून काहीच साधत नाही.

‘अकेदिया’चे भाषांतर मी अद्याप समाधानकारकपणे करू शकलेलो नाही. आळस म्हणावे, तर हा माणूस बेचैन असतो. कंटाळा म्हणावे, तर शब्द फार हलका पडतो. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार येतो आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य हलतच नाही असे वाटते. संन्यासी पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ किती दूर आहे ते बघतो, मग ही जागा, हे काम, हे सोबती यांचा त्याला वीट येतो. कचेरीत दुपार काढलेल्या कोणालाही हे वर्णन परके वाटू नये. यालाच ‘मध्यान्हीचा पिशाच’ असे नाव मिळाले, आणि ते नाव ग्रीक बायबलातील त्याच एक्याण्णवाव्या स्तोत्रातून आले आहे. जे स्तोत्र सैतानाने मोहासाठी वापरले, त्यातूनच साधूंनी आपल्या मोहाला नाव दिले.

इव्हॅग्रियसच्या संग्रहाची मूळ ग्रीक संहिता आज उपलब्ध नाही. सहाव्या शतकात त्याच्या काही मतांमुळे तो पाखंडी ठरविण्यात आला आणि त्याचे बरेच लेखन लोपले. संग्रह वाचला तो सिरियाई आणि आर्मेनियन भाषांतरांत. त्याचा शिष्य पॅलेडियस याने गुरूच्या अखेरच्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. वाळवंटात सुमारे सोळा वर्षे काढल्यावर, इ. स. 399 मध्ये मृत्यू समीप आला असता, हा पाचशे वचनांचा संग्राहक आपल्या सोबत्यांना म्हणाला की, देहवासनेचा त्रास थांबल्याला आता कुठे हे तिसरे वर्ष चालू आहे.