मालकाचा संघ आणि गावाचा संघ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर हा परगणा बूट बनविणाऱ्यांचा परगणा म्हणून ओळखला जातो. १९०५ साली तेथील रॉन्ड्स गावच्या, लष्करासाठी बूट शिवणाऱ्या कामगारांनी रास्त मजुरीसाठी थेट लंडनपर्यंत पायी मोर्चा नेला होता. त्याच परिसरातील रश्डेन व अर्थ्लिंगबरो ह्या गावांचे फुटबॉलचे दोन संघ होते. पहिला १८८९ सालचा, दुसरा १९४६ सालचा. दिवसा कामधंदा, सायंकाळी सराव, शनिवारी सामना आणि त्याबद्दल थोडेसे मानधन, असे अशा अर्धव्यावसायिक फुटबॉलचे स्वरूप असते.

१९९२ साली हे दोन संघ एकत्र करून ‘रश्डेन अँड डायमंड्स’ हा नवा संघ उभारण्यात आला. त्यामागे पैसा होता मॅक्स ग्रिग्ज ह्या उद्योगपतीचा. १ एप्रिल १९६० रोजी वुलस्टन येथील त्यांच्या घराण्याच्या कारखान्यातून ‘डॉक्टर मार्टेन्स’चा पहिला बूट बाहेर पडला. कामगार आणि टपालवाले ह्यांच्या पायांतील हा दणकट बूट पुढे तरुणांची हौस बनून जगभर गेला. त्या नफ्यातून अर्थ्लिंगबरोला ‘नीन पार्क’ हे देखणे क्रीडांगण उभे राहिले. संघ एकेक पायरी चढत गेला. १९९९ च्या जानेवारीत एफ. ए. चषकाच्या सामन्यात त्याने बलाढ्य लीड्सला गोलशून्य बरोबरीत रोखले. २००१ साली त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळविला आणि २००३ साली तिच्या तिसऱ्या विभागाचे विजेतेपदही पटकावले.

परंतु हेच २००३ साल दुसऱ्या एका कारणासाठी ध्यानात ठेवले पाहिजे. कंपनीने बुटांचे उत्पादन चीनला हलविले आणि हजाराहून अधिक कामगारांचा रोजगार गेला. ज्यांच्या श्रमांवर हे क्रीडांगण उभे होते, त्यांच्या घरी त्या वर्षी विजयाचा आनंद कोणत्या तोंडाने शिरला असेल?

२००४ साली संघ खालच्या विभागात घसरला. २००५ मध्ये ग्रिग्ज ह्यांनी तो समर्थकांच्या न्यासाकडे सोपविला. २००६ मध्ये संघ लीगबाहेर पडला आणि त्याच वर्षी न्यासाकडून पुन्हा खाजगी मालकीत गेला. कर्ज वाढत गेले. जून २०११ मध्ये संघाची स्पर्धेतून हकालपट्टी झाली आणि पाठोपाठ तो विसर्जित झाला. एकोणीस वर्षांत सारा खेळ आटोपला.

ग्रिग्ज ह्यांचे औदार्य खोटे होते, असे म्हणण्याचे कारण नाही. स्वतःच्या परगण्यासाठी त्यांनी मुक्तहस्ते खर्च केला, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न व्यक्तीच्या चांगुलपणाचा नाही, रचनेचा आहे. एका माणसाच्या खिशावर उभी राहिलेली संस्था त्या खिशाइतकीच टिकते. समर्थकांच्या हाती संघ आला तरी तोही बुडालाच ना, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्यांच्या हाती तो केव्हा आला? भरभराटीच्या काळात सभासदांना निर्णयात स्थान नव्हते. मालकाला भार पेलेनासा झाला, तेव्हा तो त्यांच्या खांद्यावर आला. खर्चाची घडी श्रीमंताची आणि उत्पन्न गावाचे, हा हिशेब जुळणार कसा?

ह्याच्या अगदी उलट गोष्ट त्या बुटाची. कारखाने बंद झाले, संघ मेला, पण नाममुद्रा जिवंत राहिली. २०१३ साली तीस कोटी पौंडांना कंपनीच्या विक्रीचा सौदा झाला. २०२१ साली शेअरबाजारात आली तेव्हा तिचे मूल्य सुमारे ३७० कोटी पौंड ठरले. भांडवलाला गाव नसते. कामगाराला असते, आणि संघालाही.

म्हणूनच २०११ च्या उन्हाळ्यात जे घडले ते महत्त्वाचे आहे. समर्थकांनी हात झटकले नाहीत. त्यांनी स्वतःच्या मालकीचा नवा संघ स्थापिला, प्रथम युवकांची तुकडी उतरविली आणि २०१२ पासून अगदी खालच्या लीगमधून प्रौढांचा संघ खेळू लागला. आपले मैदान नव्हते, म्हणून दुसऱ्याच्या मैदानावर ते खेळले. २०१७ मध्ये नीन पार्क पाडण्यात आले. पण तोवर संघ मैदानावर अवलंबून राहिलेला नव्हता.

गावोगावी वाचनालये, तालमी, क्रीडामंडळे चालविणाऱ्यांनी ह्यातून एवढेच घ्यावे: देणगी जरूर स्वीकारावी, पण सभासदांची वर्गणी आणि सभासदांचे मत ह्यांना तिचा पर्याय मानू नये. वर्गणी लहान असेल, तर संस्थाही लहान असू द्यावी. ती निदान आपली असेल.