जर्मनीला आधी गेलेल्या मुली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या पवईच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी रोज सकाळी मोठ्यानं जर्मन क्रियापदं पाठ करते. नर्सिंग झालंय, आता भाषेची परीक्षा पास झाली की ती जाणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला १०,००० जणांना पाठवायचं उद्दिष्ट होतं. परवा तिच्या आईनं जिन्यात गाठून विचारलं, "काका, पाठवू ना?" मला एकदम कोरिया आठवला.

श्रोतेहो, सॅमसंग आणि ह्युंदाईचा हा दक्षिण कोरिया १९६३ साली अगदी गरीब देश होता. सरकारनं पश्चिम जर्मनीशी करार केला आणि तिथली तरुण मुलं रूरच्या कोळसा खाणींत उतरली. त्यांत पदवीधरही होते, ज्यांनी खाण कधी पाहिलीही नव्हती! पाठोपाठ परिचारिका गेल्या. १९७७ पर्यंत सुमारे ८,००० खाणकामगार आणि १०,००० च्या वर परिचारिका. त्यांच्या मनीऑर्डरींवर कितीतरी धाकट्या भावंडांची शिक्षणं झाली.

पण सरकार नुसतं पाठवत बसलं नाही. १९६६ साली सोलमध्ये विज्ञान-तंत्रज्ञान संस्था काढली आणि परदेशातल्या कोरियन शास्त्रज्ञांना प्राध्यापकांपेक्षा जास्त पगार, राहायला घर देऊन परत बोलावलं. आमच्या शेजारची आयआयटी त्याच्याही आधीची, १९५८ ची. तिथल्याच प्रा. सुखात्मे यांनी १९७३ ते ७७ च्या पदवीधरांचा माग काढला, तेव्हा जवळजवळ ३० टक्के परदेशी स्थायिक झालेले आढळले.

गंमत म्हणजे श्रीमंत झाल्यावरही कोरियाचं पाठवणं थांबलेलं नाही. मोठ्या कंपन्यांतल्या नोकऱ्या मोजक्या, पदवीधर भरमसाट; म्हणून २०१३ पासून सरकारच 'के-मूव्ह' योजनेत मुलांना परदेशी नोकरीसाठी प्रशिक्षण देऊ लागलं. आणि छोट्या कारखान्यांत ही मुलं जात नाहीत, म्हणून २००४ पासून व्हिएतनामसारख्या देशांतून परवान्यावर कामगार येतात. घरं मात्र रिकामी होताहेत. २०२४ मध्ये तिथला जननदर बाईमागे ०.७५ मुलं इतका खाली होता.

त्या परिचारिकांचं पुढं काय झालं? सत्तरीच्या दशकात जर्मनीत मंदी आली आणि त्यांना परत जायला सांगू लागले. त्यांनी सह्या गोळा केल्या, भांडल्या आणि राहण्याचा हक्क मिळवला. मी त्या आईला एवढंच सांगितलं, "पाठवा. पण करार आधी नीट वाचा. मुदत किती, मुदत संपल्यावर काय आणि परत यायचं झालं तर इथं तिला कोण घेणार, हे विचारून ठेवा."

कोरियाच्या दक्षिण टोकाला नामहे बेटावर लाल कौलांचं एक 'जर्मन गाव' आहे. तीस-चाळीस वर्षांनी परतलेल्या खाणकामगारांसाठी, परिचारिकांसाठी वसवलेलं. काहींबरोबर त्यांचे जर्मन नवरेही आले. आता पर्यटक तिथं फोटो काढायला जातात.