एक रुपया आणि पंधरा दिवस



पदवीदानाला पाहुण्यानं स्वप्नांविषयी बोलायचं, असा रिवाज आहे. मी हिशेबाविषयी बोलणार आहे, तोही निवडणुकीच्या. समोर कॉमर्सची बरीच मुलं दिसतात, त्यामुळे माफी मागत नाही.

विधानसभेच्या उमेदवाराला आज ४० लाख रुपये खर्च करता येतात. आपल्या सिन्नरमधला प्रचार तुम्ही पाहिला आहे. गाड्यांचे ताफे, चौकाचौकांतले फ्लेक्स, जेवणावळी. कुणाच्या घरचा मंडपाचा धंदा असेल, कुणाच्या मामाची जीप प्रचाराला लागली असेल. या सगळ्याचं दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी काढतात. चहा, वडापाव, खुर्चीचं भाडं, सगळं त्यात असतं. केंद्राकडून खर्च निरीक्षक येतात. उमेदवाराच्या वहीसोबत यंत्रणा आपली वेगळी छायानोंदवही ठेवते आणि प्रचारकाळात तीन वेळा दोन्ही वह्या ताडून पाहिल्या जातात. कागदावर बंदोबस्त चोख आहे.

आता नांदेड जिल्ह्यातली दोन प्रकरणं शेजारीशेजारी ठेवा.

२००९ साली तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून निवडून आले. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीवर ६,००० रुपये, असा खर्च त्यांच्या हिशेबात होता. त्याच दिवसांत वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतून ‘अशोकपर्वा’चं गुणगान पानंच्या पानं छापून आलं होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. या बातम्या पैसे मोजून छापल्याची तक्रार झाली, चव्हाणांनी ती नाकारली. हिशेब खरा की खोटा हे तपासायचा निवडणूक आयोगाला अधिकार तरी आहे का, यावरच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आहे, असा निकाल लागला मे २०१४ मध्ये. जुलैत आयोगानं हिशेबात खोट काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा आदेश रद्द केला. तेव्हा चव्हाणांना मी दोषी म्हणणार नाही, कुणीच म्हणू नये. पण एका हिशेबाचा निकाल लागेपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपत आली होती, हे मला खटकतं.

दुसरं प्रकरण एका ग्रामपंचायतीचं. निवडणूक लढवलेल्या एका बाईंनी खर्चाचा हिशेब वेळेत दिला नाही. आरोप लबाडीचा नव्हता, उशिराचा होता. पाच वर्षं अपात्र! ही शिक्षा चुकीच्या मानानं फार जड आहे, हे ठरायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. निकाल आला २०२० मध्ये.

उशीर पकडायला कॅलेंडर पुरतं. खोटी वही पकडायची तर पावत्या तपासाव्या लागतात, फ्लेक्सवाल्याला, केबलवाल्याला विचारावं लागतं. ते करणार कोण? निवडणूक संपली की खर्च निरीक्षक आपापल्या खात्यात परत जातात, तहसीलची माणसं नेहमीच्या कामाला लागतात. राज्य निवडणूक आयोगाकडे आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे बारमाही लेखापरीक्षक हवेत आणि तपासाला मुदत हवी. मुदत फक्त उमेदवारालाच का?

पक्षांचं तर विचारूच नका. पक्षानं आपल्या उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच नावावर धरावा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर १९७४ मध्ये सांगितलं. त्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढून कायदा फिरवला. इतकी चपळाई सरकारी कामात एरवी दिसत नाही. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही मर्यादा नाही.

आता तारखा बघा. गेल्या विधानसभेचा निकाल लागला २३ नोव्हेंबर २०२४ रोजी. हिशेब द्यायला तीस दिवस, म्हणजे २३ डिसेंबर. मर्यादेबाहेर खर्च झाला म्हणून उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायला निकालापासून पंचेचाळीस दिवस, म्हणजे ७ जानेवारी. उमेदवारानं शेवटच्या दिवशी वही दिली, तर ती वाचून, पुरावे गोळा करून, वकील गाठायला मतदाराच्या हाती उरतात पंधरा दिवस. ही मुदत वाढली पाहिजे. तिची मोजणी हिशेब जाहीर झाल्या दिवसापासून व्हायला हवी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक सोय आहे, फारशी कुणी वापरत नाही ती. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ८८ वा नियम सांगतो की एक रुपया शुल्क भरून कुणालाही उमेदवाराचा हिशेब पाहता येतो. सिन्नरमध्ये मंडपाचा, जीपचा, पंगतीचा खरा भाव काय, हे नाशिकला बसलेल्या अधिकाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. ताळेबंद वाचायला इथल्या सरांनी शिकवलंच आहे. पुढच्या विधानसभेचा निकाल लागला की महिन्याभरानं चारपाच जण मिळून नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जा, रुपया भरा आणि सिन्नरच्या सगळ्या उमेदवारांच्या वह्या मागा. सगळ्या म्हणजे सगळ्या, ज्याला मत दिलंत त्याचीसुद्धा.