इंजेरा, शिरो आणि दुसऱ्याच्या हातचा घास

आजचा विषय खाण्याचा आहे, पण रेसिपी सांगणार नाहीये, आधीच सांगतो.

गेल्या वर्षी प्रोजेक्टच्या कामासाठी मी तीन आठवडे इथिओपियात होतो, आदिस अबाबाला. मी शाकाहारी. त्यामुळे निघताना आईने बॅगेत थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट कोंबलं होतं. पण तिथे गेल्यावर कळलं की इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बहुतेक वर्षभर बुधवार-शुक्रवार उपवास धरतात. आणि त्यांचा उपवास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. डाळ, भाजी, भाकरी चालू! आपण उपवासाला नेमकं डाळ-भाजी सोडून तूप घालून साबुदाणा खातो. म्हणजे तिथे शुक्रवारी माझी चंगळ.

तर अशाच एका शुक्रवारी तिथल्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं.

इंजेरा तुम्ही रीलमध्ये पाहिला असेल. तेफ नावाचं धान्य असतं, खसखशीची आठवण यावी इतकं बारीक. त्याचं पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात. मागच्या वेळच्या आंबवणातलं थोडं पाणी राखून ठेवलेलं असतं, ते विरजणासारखं त्यात घालतात. मग मोठ्या गोल तव्यावर बाहेरून आत गोल गोल ओतायचं आणि झाकण ठेवायचं. उलटायचं नाही. वरून जाळी पडते, अगदी आपल्या आंबोळीसारखी. चव मात्र आंबोळीपेक्षा बरीच आंबट. पहिला तुकडा तोंडात टाकला तेव्हा, खरं सांगतो, पीठ जरा उतरलंय की काय असंच वाटलं. पण शिरोबरोबर खाल्ला आणि मग पटलं. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, तिखट बेर्बेरे मसाला घातलेलं कालवण. पिठलंच की! मी तिथल्या तिथे मराठीत ओरडलो.

आता खरी गंमत. ताटं मांडलीच नाहीत. एकच मोठा इंजेरा पसरला, त्यावर शिरो, मसूर, पालेभाजी, कोबी-बटाटा असे ढीग, आणि भोवती आम्ही पाच जण. सगळ्यांचे हात त्यातच. आमच्या घरात उष्ट्याचं प्रस्थ मोठं. आमटीच्या पातेल्यात जेवताना हात लागला तर आजी अख्खी आमटी वेगळी काढायची. मी आपला माझ्या समोरच्या कडेने, हद्द आखल्यासारखा जेवत होतो.

तेवढ्यात सहकाऱ्याच्या आईने इंजेऱ्याच्या तुकड्यात मसूर गुंडाळला, मोठ्ठा घास केला आणि थेट माझ्या तोंडासमोर धरला. याला गुर्शा म्हणतात. पाहुण्याला, आपल्या माणसाला हाताने भरवायचं. नको म्हणणं फार वाईट दिसतं. त्या स्वतः त्याच हाताने जेवत होत्या. टेबल एकदम शांत झालं, किंवा मला तसं वाटलं.

त्या दोन-तीन सेकंदांत मला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला कप आठवला. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. कान तुटलेला, वेगळा ठेवलेला. लहानपणी मला वाटायचं, त्यांना तोच आवडतो.

मी तोंड उघडलं. घास इतका मोठा होता की गाल फुगले, सगळे हसले. मग त्यांनी दुसरा भरवला. मग मी एक घास केला, हात थोडा थरथरत होता, आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी सहज खाल्ला. पुढे कॉफी झाली. तिथे बिया समोर भाजून, कुटून, तीन फेऱ्यांत देतात, त्यावर एक वेगळा भाग करू.

पुण्याला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. शिरोचं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे पिठलंच ना रे?" गुर्शाचं ऐकून म्हणाली, "बरं." बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी चहा मी केला आणि मावशींना आमच्या रोजच्या कपात दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिडकीतून आपला कप काढला आणि चहा त्यात ओतून घेतला. माझा कप विसळून जागेवर ठेवला.

अजून तसंच चालू आहे. मी रोज आमच्याच कपात देतो. मागच्या आठवड्यात एकदा त्या घाईत होत्या, तशाच प्यायल्या.