कॅज्युअल्टीत आधी कोण?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्याच्या बैठकीत ठरलं की ज्याने त्याने आपल्या कामातलं थोडं काही सांगायचं. शेती, बँक, एसटी हे विषय वाटले गेले आणि माझ्या वाट्याला दवाखाना आला. जेवणाच्या आधी बोलायचं आहे, म्हणून रक्ताची वर्णनं करत नाही. पंधरा मिनिटं मात्र हवीत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ग्रुपवरची ‘सिस्टर’ म्हणून माहीत आहे. रात्री अकराला कोणाचा तरी रिपोर्ट येतो, ‘जरा बघ गं’ म्हणून. बघते मी. पण माझी खरी नोकरी रिपोर्ट बघायची नाही. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात, म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तिथे, माझी बरीचशी वर्षं गेली. तिथे माणूस येतो तेव्हा त्याचा कुठलाच रिपोर्ट नसतो. माणूस समोर असतो आणि घड्याळ चालू असतं.

लोकांना वाटतं, सिस्टरचं अवघड काम म्हणजे शीर सापडणं. ते हाताला सवयीने येतं. अवघड असतो तो पहिला प्रश्न: आधी कोणाकडे जायचं? रात्रीच्या पाळीत डॉक्टर एक, सिस्टर दोन आणि दारात एकदम सहा जण. हायवेवरच्या अपघाताचे तिघे, तापाने फणफणलेलं बाळ, पोटात दुखणारा माणूस आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या, काहीच न बोलणाऱ्या एक आजी. रेशनच्या दुकानात जो आधी आला तो आधी. आमच्याकडे तसं चालत नाही. जो आधी दगावेल तो आधी.

या निवडीला ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणं. नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचे शल्यचिकित्सक होते. जखमी सैनिकाचा हुद्दा बघायचा नाही, जखम किती गंभीर आहे ते बघून उपचार करायचे, अशी शिस्त त्यांनी लावली. आज आम्ही त्याला रंग देतो. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकेल, हिरवा म्हणजे बसून राहिला तरी चालेल. काळा रंग कोणासाठी, ते सांगायला नको. तांदूळ निवडताना आई सूप हलवायची आणि खडा कुठे आहे ते तिला लांबून दिसायचं. आम्हाला दारातून आत येणारा माणूस तसा वाचावा लागतो, आणि तोही मिनिटा-दोन मिनिटांत.

या वाचनात एक गोष्ट नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प आहे त्याच्याकडे आधी जा.

मोटारसायकलवरून पडून हात मोडलेला तरुण आख्खा विभाग डोक्यावर घेतो. त्याचं दुखणं खरं आहे. पण त्याच्या शेजारचा, डोक्याला मार लागलेला आणि ‘मला काही झालं नाही, घरी सोडा’ म्हणणारा मित्र मला जास्त घाबरवतो. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर माणूस काही वेळ नीट बोलतो, चालतो, आणि मग हळूहळू झोपाळतो. नातेवाईक म्हणतात, दमलाय, झोपू द्या. आम्ही त्याला पुन्हा पुन्हा उठवतो, नाव विचारतो, बाहुल्यांवर बॅटरी मारतो. त्याला छळायची आम्हाला हौस नसते.

कोपऱ्यातल्या त्या आजींचंही तसंच. मधुमेह जुना असला की हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसता घाम येतो, दम लागतो, मळमळतं. घरच्यांना वाटतं पित्त झालं. म्हणून अशा माणसाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, केसपेपर नंतर. आणि दम्याचं मूल? रडणारं मूल परवडलं. श्वासासाठी धडपडणारं मूल अचानक शांत झालं, तर ते बरं झालेलं नसतं, थकलेलं असतं.

आता साप. आपल्या भागात पाऊस सुरू झाला, भातलावणी आली, की आमच्याकडे सर्पदंश सुरू होतात. विषारी साप प्रामुख्याने चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं आणि घोणस चावले तर रक्त गोठायचं थांबतं. ते तपासायला मोठं यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, नळी वीस मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून बघायची. रक्त वाहिलं, म्हणजे विष भिनलंय. चाचणी इतकी साधी आहे. पण त्या वीस मिनिटांत बाहेर पन्नास माणसं जमलेली असतात आणि त्यांना दिसतं की सिस्टर नळीकडे बघत उभी आहे, ‘काहीच करत नाही’. खरं तर त्याच वेळात सलाईन लागलेली असते, सूज कुठवर चढली त्यावर पेनने खूण केलेली असते, प्रतिविष काढून ठेवलेलं असतं आणि शेजारी ॲड्रेनॅलिनही भरून ठेवलेलं असतं. प्रतिविषाचीच एखाद्याला जबर रिॲक्शन येते, म्हणून ते देताना मी खाटेपासून हलत नाही.

मण्यारीची गोष्ट आणखी वेगळी. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताची खूण कधी दिसतसुद्धा नाही, सूज नाही, जळजळ नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, आवाज बदलतो, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. त्या नळीतलं रक्त मात्र छान गोठलेलं असतं. म्हणून पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मी विचारते, ‘काका, रात्री खाली झोपला होतात का? जरा वर बघा, डोळे पूर्ण उघडा.’ लोक हसतात, पोट दुखतंय आणि ही डोळे काय बघते! पण पापणी अर्ध्यावर राहिली, तर पुढचा तास त्या माणसाचा श्वास आमच्या हातातल्या अंबू बॅगवर असू शकतो.

विंचवाचंही सांगायला हवं, कारण ते आपल्या मातीतलं आहे. विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरता येतं हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवलं आणि त्यांचं काम जगभरातल्या डॉक्टरांनी वाचलं. मोठ्या संशोधन संस्थेत बसून त्यांनी हे केलं नाही. पेशंटच्या खाटेशी बसून केलं, नाडी, घाम, रक्तदाब पुन्हा पुन्हा बघत. विंचू चावलेल्या मुलाला किती दुखतंय यापेक्षा त्याचे हातपाय गार पडलेत का, घाम सुटलाय का, हे बघायचं आम्ही त्यातूनच शिकलो.

आता गणिताच्या सरांसाठी एक वाक्य. सर, तुम्ही म्हणायचात, ‘उत्तर नुसतं लिहू नका, आकडे दाखवा.’ कॅज्युअल्टीत ते रोज उपयोगी पडतं. डॉक्टर आत टाके घालत असतात. मी दारातून म्हटलं, ‘सर, हा पेशंट मला बरा वाटत नाही,’ तर ते म्हणतात, ‘येतो.’ मी म्हटलं, ‘सर, श्वास मिनिटाला 34, नाडी 130, वरचा रक्तदाब 80,’ तर हातातली सुई खाली ठेवून येतात. वाटणं आणि आकडा यांत माणसाचा जीव असतो. आणि सगळ्यांत दुर्लक्षित आकडा श्वासाचा. तो पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. गर्दीत एक मिनिट फार मोठं असतं, म्हणून कुणी मोजत नाही, आणि बिघडायला सुरुवात तर बहुतेकदा तिथूनच होते.

आता थोडं तुमच्या बाजूने. आमच्यासमोरच्या कितीतरी अडचणी औषधाच्या नसतात, माहितीच्या असतात. कीटकनाशक घेतलेला पेशंट येतो आणि घरचे सांगतात, ‘चक्कर आली.’ लाज वाटते, पोलिसांची भीती वाटते, मी समजू शकते. पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ वाहत असते, आणि आम्हाला औषध कोणतं ते तुमच्याकडून हवं असतं. डबा घेऊन या. कपडे तिथेच बदला, अंग धुवा, कारण विष त्वचेतूनही आत जातं. आम्ही तिथे न्याय करायला बसलेलो नाही.

अर्धांगवायूतही तेच. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोबडी वळली, तर आमचा पहिला प्रश्न असतो: ‘शेवटचे बरे कधी होते?’ गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘सकाळी उठले तेव्हा असेच होते’ हे उत्तर पुरत नाही. रात्री पाणी प्यायला उठले होते का, कोणाशी बोलले, किती वाजता, हे आठवा. तेलमालीश करण्यात दुपार घालवू नका. आणि सापाच्या बाबतीत घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. पाय हलू न देता गाडीत घाला आणि निघा.

एक कडू गोष्टही बोलते. आमच्या पेशात अंगावर धावून येणारे नातेवाईक पाहिले नाहीत अशी सिस्टर शोधावी लागेल. 2010 पासून महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा नंतर येतो. आधी होतं ते असं: मी लहान मुलाच्या वजनावरून औषधाचा डोस काढत असते. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं मी मोठ्याने परत म्हणते, ते ‘हो’ म्हणतात, मगच सिरिंज भरते. त्या क्षणी कुणी खांदा धरून ओढलं, ‘आमच्याकडे बघ आधी’ म्हणून, तर दशांश चिन्ह एक घर सरकू शकतं. तुमच्या संतापाची किंमत तिसऱ्याच कोणाच्या लेकराने मोजायची का? एवढंच विचारते.

शेवटचं. आम्ही कितीही तयार असलो तरी हृदय थांबलेल्या माणसाची पहिली मिनिटं आमच्याकडे नसतातच. ती घरात, बसमध्ये, शाळेच्या मैदानावर असतात. 108 ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात 2014 पासून आहे, पण तिलाही रस्ता कापून यावं लागतं. तोवर जो जवळ आहे तोच डॉक्टर आणि तोच सिस्टर. माणूस हाक देत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर 108 ला फोन लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध तळहाताने दाबायला लागा. मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस मागे लागतील, ही भीतीही सोडा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आहे. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

हे हात भाषण ऐकून शिकत नाहीत, करून शिकतात. म्हणून मुख्याध्यापकांकडे आत्ता सगळ्यांसमोर एक मागणी करते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या मुलांचे दोन तास मला द्या. मोठा खर्च नाही, जाड उशा आणि सतरंज्या पुरतील. मी येईन, माझ्या दोन सहकारी येतील. पण दोनशे मुलांना आम्ही तिघी पुरणार नाही. तुमच्यापैकी दहा-बारा जणांनी आधी शिकायचं आणि मग मुलांच्या शेजारी बसून शिकवायचं. शाळेला काय भेट द्यायची यावर सकाळपासून चर्चा चालली आहे. पंखे द्या, पाण्याची टाकी द्या, जरूर द्या. त्यासोबत हेही देऊ या.

कोण कोण येणार ते जेवताना मला सांगा. वही घेऊन बसते.